पाय धुवून या

गेल्या पवित्र आठवड्यात मी एका माणसाला पाय स्वच्छ धुवून यायला सांगितलं आणि त्याचे पाय भाजले.

कशाने धुवायचे तेही मीच सांगितलं होतं. मी रसायनशास्त्राचा पदवीधर. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, प्रयोगशाळेत, निम्मं आयुष्य काढलेला माणूस. कोणती पावडर कातडीचं काय करते हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. त्या दिवशी मी चांगला जागा होतो आणि तरी सांगितलं नाही.

सुरुवात झाली ती कृपेपासून. म्हणजे कृपेवरच्या माझ्या व्याख्यानापासून. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला नंतर कळलं.

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ आला की आमच्या बोईसरच्या चर्चमध्ये फादर विषय वाटून देतात. एकेकाने एकेका वस्तीत जाऊन संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर थोडं बोलायचं. मला 'देवाची कृपा' आला आणि वस्ती आली सालवडची. तिथे आमच्या चर्चची सगळ्या मुलखांतली माणसं राहतात. झारखंडची, तामिळनाडूची, शिवाय जव्हारकडच्या डोंगरातून कारखान्यात कामाला उतरलेली. मी वसईकडचा. आमच्याकडे चर्च जुनी, आडनावं जुनी, त्यामुळे इतरांना धर्म समजावून सांगायचा हक्क आपल्याला जन्मतःच मिळालाय अशी आमची एक समजूत असते.

चाळीच्या अंगणात चटया टाकलेल्या होत्या. मी सांगितलं की पगार कामाचा असतो, बोनस कंपनीच्या नफ्याचा, आणि कृपा कशाचीच नसते. ती कमावता येत नाही. देव असं म्हणत नाही की आधी चांगला हो आणि मग ये. तो आधी येतो, तू आहेस तसा तुला जवळ घेतो, मग तुझं काय चांगलं व्हायचं ते होतं. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला उदाहरण सुचलं. मी म्हटलं, मी क्यूसीत आहे. मालाचं प्रत्येक पिंप माझ्याकडे येतं, मी नमुना घेतो, तपासतो, पास झालं तर हिरवं लेबल, नाहीतर लाल. लाल लेबलचं पिंप परत जातं. "पण देवाच्या दारात क्यूसी नाही."

लोक हसले. मी तेच हिंदीत सांगितलं, तेव्हा जास्त हसले. मग मी ते तिसऱ्यांदा सांगितलं. त्याची गरज नव्हती.

सगळ्यात पुढे बसून सगळ्यात मोठ्याने हसणारा माणूस होता तो हाच, ज्याचे पुढे पाय भाजले. डोंगरातला, तिशीतला, रंगाच्या कारखान्यात कामाला. बोलघेवडा, आणि गाण्याची भयंकर हौस. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, त्याचा आवाज नेहमी पेटीच्या अर्धी ओळ पुढे असतो आणि आपण पुढे आहोत याचा त्याला अभिमान असतो. कार्यक्रम संपल्यावर त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "साहेब, ते पिंपाचं लय भारी बोलला." मी नम्रपणे मान हलवली. नम्रपणा मला चांगला जमतो, आरशात बघून पाहिलंय.

आता ते पाय धुण्याचं सांगतो. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी संध्याकाळी, फादर बारा जणांचे पाय धुतात. प्रभूने मरणाच्या आदल्या दिवशी आपल्या शिष्यांचे धुतले होते, त्याची आठवण म्हणून. शिष्यांतला सगळ्यात तोंडाळ जो होता त्याने पाय मागे घेतले होते. गुरूने आपले पाय धुवावेत हे त्याला पटेना. प्रभूने त्याला सांगितलं की धुऊ दिले नाहीस तर तुझा-माझा संबंध संपला. इतकं ते महत्त्वाचं.

पण आमच्याकडे एक न सांगितलेली रीत आहे. पाय धुवून घ्यायचे असतील तर आधी पाय धुवून यायचं. ज्याचं नाव त्या बारा जणांत लागतं तो त्या आठवड्यात पायांकडे जेवढं बघतो तेवढं वर्षभर बघत नाही. बायका पार्लरमध्ये जाऊन येतात. एक निवृत्त बँकवाले काका नखं कापून वर फाईलने घासतात. फादरांच्या हातात आधीच धुतलेला, पुसलेला, पावडर लावलेला पाय येतो, त्यावर ते चार थेंब पाणी घालतात आणि आम्ही भक्तिभावाने डोळे मिटतो.

माझं नाव लागलं होतं त्या वर्षी मी वजरीने टाच घासून लाल केली होती. फादर फक्त उजवाच पाय धुतात हे ठाऊक असल्याने घासली तीही उजवीच. त्या वर्षीचे फादर डावखुरे निघाले. त्यांनी बिनदिक्कत डावा पाय ओढला आणि माझी डावी टाच सार्वजनिक झाली. बायको अजून ते पाहुण्यांना सांगते. मी त्यातून काही शिकायला हवं होतं. मी एवढंच शिकलो की दोन्ही घासायच्या.

यंदा खुर्च्या, तांब्या, परात, टॉवेल, आणि ती बारा माणसं, सगळ्याची व्यवस्था माझ्याकडे होती. फादर म्हणाले प्रत्येक वस्तीतून माणूस घ्या. सालवडमधून हा गाणारा आला.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे त्या गुरुवारच्या चार दिवस आधी, मिस्सेनंतर मी बाराही जणांना थांबवून सराव घेतला. कोणी कुठे बसायचं, पाय कधी पुढे करायचा. सगळ्यांनी चपला काढल्या आणि एका टोकाला दोन जांभळट गुलाबी पाय दिसले. घोट्यापर्यंत. नखांच्या कडा तर काळपट जांभळ्या.

त्याचं काम म्हणजे गाळलेला ओला रंग फावड्याने ट्रेमध्ये भरायचा. गमबूट असतात, पण रंग गमबुटाला विचारत नाही. त्याच्या पायांकडे बघून त्या आठवड्यात कंपनी कोणता माल काढतेय ते सांगता येतं. बाकीचे बघायला लागले तसा तोच म्हणाला, "आमच्याकडं होळी उतरत नाय." सगळे हसले. मग त्याने सांगितलं की गुरुवारी त्याची आई येतेय. ती कधी बोईसरला आली नव्हती. डोंगरातल्या पाड्यावरून मिशनच्या छोट्या प्रार्थनाघरापर्यंत चालत जाणं एवढाच तिचा चर्चचा प्रवास. आता मोहाची फुलं पडायचे दिवस, पहाटे वेचायला गेलं नाही तर गुरं खातात. तरी ती फुलं टाकून येणार होती. कोणी मोठा माणूस आपल्या घरातल्या कोणाच्या पायाला हात लावतोय, आणि तोही धुवायला, हे तिला बघायचं होतं. फोनवर तिचा विश्वासच बसला नाही म्हणे. विचारलं, "गंमत तर नाय ना करत तुजी?"

हे सगळं मी ऐकलं. ऐकून मला आठवण झाली ती टॉवेलची. पांढरा, नवा, बारा घड्या घालून ठेवलेला. आणि मिस्सा मोबाईलवरून सगळीकडे दिसते, वसईला माझे चुलतभाऊ बघतात. बारा पायांची ओळ कॅमेऱ्यात येणार, त्यात अकरा पाय एका रंगाचे आणि एक जांभळा. खरं सांगायचं तर टॉवेलबिवेल नंतर. ओळ एकसारखी दिसायला हवी होती. सवयीने लाल लेबल शोधणारा डोळा, त्याला ते सापडलं.

मी त्याला बाजूला घेतलं. आवाज मऊ केला. म्हटलं, गुरुवारी जरा पाय स्वच्छ करून या.

"धुतो ना साहेब रोज. जात नाय."

मग माझ्यातला रसायनतज्ज्ञ पुढे आला. मी म्हटलं, कोमट पाण्यात ब्लीचिंग पावडर टाका आणि पाय बुडवून बसा थोडा वेळ. किती पावडर? मूठभर. किती वेळ? थोडा. प्रयोगशाळेत एखाद्या नव्या पोराने वहीत 'थोडा वेळ' लिहिलं असतं तर मी वही तोंडावर मारली असती.

तो म्हणाला, "त्याने जळजळतं. कंपनीत पोरं करतात कधी कधी."

"थोडं जळजळलं तर काय झालं," मी म्हणालो, "उपवासकाळ आहे."

तो हसला. मी पण हसलो. माझ्या विनोदांवर हा माणूस नेहमीच हसत आला होता, त्यामुळे मला तेव्हा काही वेगळं वाटलं नाही. आता ते वाक्य आंघोळ करताना आठवतं, जेवताना आठवतं, आणि आठवलं की मी एकटाच असलो तरी घसा खाकरतो.

गुरुवारी कंपनीत तपासणीवाले येऊन बसले. मला घरी जायला जमलं नाही, सकाळच्या पाळीच्या कपड्यांतच थेट चर्चला पोचलो. तांब्यात कोमट पाणी भरलं, टॉवेल मांडला, माणसं मोजली. अकरा. सालवडचा नव्हता. मिस्सा सुरू व्हायची घंटा झाली तेव्हा त्याच्या शेजारच्या खोलीत राहणारा झारखंडचा पोरगा माझ्याजवळ आला. त्याच्याबरोबर एक म्हातारी होती, बारीक, काटक, डोक्यावरचा पदर पुन्हा पुन्हा नीट करणारी.

"अंकल, वो नहीं आएगा. पैर में छाले पड़ गए, चप्पल नहीं जाती. बोला, माँ को ले जाओ, माँ को तो दिखा दो."

मी विचारलं फोड कसे आले. त्याने खांदे उडवले. मला विचारायची गरजच नव्हती. म्हातारी मात्र थांबली नाही. बाकं रिकामी होती तरी ती थेट पुढे गेली आणि नीट दिसावं म्हणून खुर्च्यांच्या ओळीसमोर जमिनीवर बसली.

प्रवचन झालं. फादरांनी कंबरेला टॉवेल बांधला, बारा खुर्च्यांकडे बघितलं, रिकामी खुर्ची बघितली, आणि तांब्या घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून त्या खुर्चीकडे बोट केलं.

मी जवळ जाऊन कुजबुजलो, "फादर, मी नको. मी लायक नाही." आयुष्यात क्वचित मी इतकं खरं बोललो असेन. फादरांना वाटलं मी त्या तोंडाळ शिष्याची नक्कल करतोय. ते गालात हसले आणि म्हणाले, "वा. बसा आता."

बसलो. सेफ्टी शूज काढले. ज्याने कारखान्यात दिवसभर सेफ्टी शूज घातलेत त्याला पुढचं सांगायला नको. इतरांसाठी सांगतो, बाजूला बसलेल्या बँकवाल्या काकांनी मान हळूच दुसरीकडे वळवली. मोज्याला अंगठ्याजवळ भोक होतं. मोजा मी खुर्चीखाली सारायला गेलो तो पुढे जाऊन पडला, बरोबर म्हातारीसमोर. तिने मोज्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मुलाची खुर्ची ती आल्यापासून रिकामी बघत होती. आता त्यात मी होतो.

फादर गुडघ्यावर आले. त्यांनी माझा पाय हातात घेतला, आणि नेहमीसारखे चार थेंब घातले नाहीत, चांगलं पाणी ओतलं. बोटांच्या मधूनसुद्धा धुतला. टॉवेलवर मळाचा डाग पडलेला मी बघितला. मग त्यांनी वाकून पायाचं चुंबन घेतलं. चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही.

मला वाटायचं कृपा झाली की माणसाला हलकं वाटत असेल. निदान मी व्याख्यानात तसं सांगितलं होतं. मला तेव्हा फक्त पाय परत हवा होता.

घरी बायकोने सगळं मोबाईलवर पाहिलं होतं. मोज्यावरून ती काही बोलणार तेवढ्यात मी तिला पावडरीचं सांगून टाकलं. तिने मोबाईल बाजूला ठेवला. मग म्हणाली, "देवाच्या दारात क्यूसी नाही, हे तुम्ही तीनदा सांगितलंत. मग तुम्ही दारात उभे राहून काय करत होता?" आणि ताट वाढायला गेली.

शुक्रवारी मी स्वतःला सांगितलं की आज दुःखाचा दिवस, आज कोणाकडे जात नाहीत. शनिवारी निमित्त उरलं नाही. भाजल्यावरचं मलम घेतलं, द्राक्षं घेतली, आणि रस्ताभर एक क्षमायाचना पाठ केली. तीन भागांची होती. माझं काहीही तीन भागांचं असतं.

सालवडच्या त्या खोलीत तो खाटेवर पडला होता, पाय दुमडलेल्या चादरीवर. पावलांवरची कातडी सोलून निघाली होती, घोट्याजवळ फोड होते. कधी थांबायचं ते कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो रंग जाईपर्यंत बसला होता. आणि रंग गेला नव्हता. कातडी गेली होती आणि नखांच्या कडेने, बोटांच्या बेचक्यात तो जांभळा तसाच होता.

"या साहेब, या," तो म्हणाला. "आये, हे आमचे साहेब. ते पिंपाचं सांगितलं ना तुला, तेच हे."

म्हातारी उठली. खोलीत एकच प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावरचे कपडे तिने उचलले आणि पदराने खुर्ची पुसली. म्हणाली, "बसा. तुमी बघाया आलात, बरं झालं. कंपनीत सांडलं याच्या पायावर. कंपनीचं कोन फिरकलं नाय."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने डोळ्यांनीच खूण केली. राहू द्या.

म्हणजे त्याने तिला सांगितलंच नव्हतं. मी मागायच्या आधीच त्याने क्षमा देऊन टाकली होती, मला वाचवलं होतं, आणि माझ्याकडून त्याला काही नको होतं. अंगणात चटईवरच्या माणसांना मी हेच तर समजावून सांगितलं होतं की अशी असते कृपा, फुकटची, लायकी न बघता आलेली. मुकाट्याने घेऊन द्राक्षं ठेवून निघता आलं असतं. मी तसं करणारही होतो, खोटं कशाला बोलू. पण म्हातारी मला चहा ठेवायला वळली, आणि वळता वळता तिने खुर्ची पुन्हा एकदा पुसली, कारण मी अजून बसलो नव्हतो आणि तिला वाटलं मला ती घाण वाटतेय.

मी सांगून टाकलं. उभ्यानेच. तीन भाग विसरलो आणि उलटसुलट सांगत गेलो, पावडर, टॉवेल, मूठभर, थोडा वेळ. उपवासकाळाचं वाक्यसुद्धा सांगितलं. तो खाटेवरून म्हणत होता, जाऊ द्या ना साहेब, मीच जास्त टाकली असंल.

म्हातारी स्टोव्हजवळ उभी राहून ऐकत होती. मग तिने विचारलं, "पायाला रंग व्हता तो काय वाईट व्हता?"

मी म्हटलं, नाही, पण पांढरा टॉवेल होता, त्याला लागला असता.

"टावेल तुजा व्हता?"

"नाही. चर्चचा."

"धुवाया तू बसनार व्हतास?"

"नाही. फादर."

"ते बोलले, रंग नको?"

"नाही."

'तुमी' कधी गेलं आणि 'तू' कधी आलं ते माझ्या लक्षात आलं होतं, आणि मला ते योग्यच वाटलं. चहाचं भांडं तिने स्टोव्हवरून उतरवून बाजूला ठेवलं. चहा गाळला नाही.

मला काहीतरी करायलाच हवं होतं. मी म्हटलं, परात द्या, मी धुतो याचे पाय, आत्ता, तुमच्यासमोर. तुम्हाला बघायचं होतं ना. हे म्हणताना मला स्वतःबद्दल थोडं बरं वाटायला लागलं होतं.

तो खाटेवर दचकून मागे सरकला. "पानी नका लावू साहेब. लय झोंबतं. डॉक्टर नाय बोललाय."

झालं. प्रायश्चित्त करायलाही पाय धड शिल्लक ठेवले नव्हते मी. उद्या ईस्टर, परवा ती परत पाड्यावर जाणार. इतकी फुलं गुरांच्या तोंडी टाकून ती जे बघायला आली होती, त्यातलं तिला दिसलं ते माझं पाऊल आणि माझा मोजा. हे परत करता येणार नव्हतं, आणि तो तर काही परत मागतही नव्हता. तो मला सांगत होता की आईने माझ्या फाटक्या मोज्याचं वर्णन इतकं सुंदर केलं की हसून त्याचे फोड दुखले. आणि रात्रीच्या ईस्टरच्या मिस्सेत त्याच्याशिवाय गाणं कोण उचलणार याची त्याला काळजी होती.

मी खिशातून मलम काढलं. हे तरी करू द्या म्हटलं. खाटेशेजारी गुडघ्यावर बसलो, फादर बसले होते तसा. नळी दाबली. नको तितकं मलम बाहेर आलं, बोटावरून चादरीवर पडलं, ते उचलायला गेलो तर कोपर त्याच्या दुसऱ्या पायाला लागलं. त्याने दात आवळले आणि म्हणाला, कायी नाय, कायी नाय.

म्हातारी माझ्या डोक्यावर येऊन उभी राहिली. थोडा वेळ बघत राहिली. मग वाकून माझ्या हातातली नळी काढून घेतली.

"तुला सांगाया येतं फकस्त," ती म्हणाली. "सरक, मी लावते."